जिथून निघालेच नाहीत, तिथं परतलेले

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात वोल्गोक-दोंग नावाची एक वस्ती आहे. तिथल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत आहेत. बेकऱ्यांमध्ये उझबेकी पद्धतीचे जाड गोल नान भाजले जातात, आणि शाळा सुटल्यावर मुलं एकमेकांशी रशियनमध्ये बोलत घरी जातात. मुलांची आडनावं किम, पाक, त्सोय, तेन. राजधानी सोलजवळच्या आन्सानमध्ये आणि इंचॉन शहरातल्या हामबाक भागातही अशाच वस्त्या उभ्या राहिल्या आहेत. इथले लोक स्वतःला ‘कोर्यो सारम’ म्हणवतात. हे मध्य आशिया, रशिया आणि युक्रेनमधून आलेले कोरियन. दक्षिण कोरियात त्यांच्याविषयी बोलताना ‘मायदेशी परतलेले’ असं सहज म्हटलं जातं.

पण यांच्यातल्या बहुतेकांचे पूर्वज या भूमीतून कधी निघालेच नव्हते. ते होते कोरियाच्या अगदी ईशान्य टोकाच्या हामग्यॉंग प्रांताचे, आणि तो प्रांत आज उत्तर कोरियात आहे. यांची बोली हामग्यॉंगची, जेवणाची चव हामग्यॉंगची, सणवारही तिकडचेच. सोलचा पगडा त्यांच्यावर कधी बसला नाही. कोरियन संस्कृती म्हणजे सोलची भाषा, सोलमधल्या मालिका आणि तिथली गाणी असं आपण आज धरून चालतो. त्या पार्श्वभूमीवर या लोकांची हकिगत मला फार मोलाची वाटते, कारण पिढ्यान्‌पिढ्या सोलशी जवळपास काहीही संबंध नसताना त्यांनी आपलं कोरियनपण घडवत नेलं. ते सोलच्या संस्कृतीची फिकी पडलेली नक्कल नाही. ती स्वतःच्या पायावर उभी असलेली कोरियन संस्कृती आहे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात दुष्काळापासून होते. १८६० च्या पेकिंग तहानं चीनकडचा समुद्रकाठचा मोठा मुलूख रशियाकडे गेला आणि तुमेन नदीच्या पलीकडे रशियाची हद्द लागली. हामग्यॉंग हा डोंगराळ, थंड, गरीब प्रांत. भात कमी, बाजरीसारखी धान्यंच जास्त. नदीपलीकडे मात्र न नांगरलेली जमीन मैलोन्‌मैल पसरलेली. त्या काळच्या जोसन राज्यात परवानगीविना सीमा ओलांडणाऱ्याला देहदंडाची शिक्षा होती, तरीही १८६३ मध्ये तेरा कुटुंबं नदी ओलांडून गेली आणि पोस्येत भागात राहिली. १८६९ मध्ये कोरियाच्या उत्तर भागात भयानक दुष्काळ पडला, तेव्हा हजारोंच्या संख्येनं लोक गेले. रशियालाही त्या ओसाड किनाऱ्यावर शेतकरी हवेच होते. सुरुवातीला आलेल्यांना जमिनी मिळाल्या, काहींनी ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा घेतला, मुलांना रशियन नावं पडू लागली.

१९१० मध्ये जपाननं कोरिया गिळंकृत केला आणि स्थलांतराचा रंग बदलला. आता भुकेल्या शेतकऱ्यांच्या जोडीला शिक्षक, पत्रकार, बंदूकधारी स्वातंत्र्यसैनिकही येऊ लागले. व्लादिवोस्तोकची शिन्हानचॉन ही कोरियन वस्ती जपानविरोधी चळवळीचा अड्डा बनली. हार्बिन स्थानकावर जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमीला गोळ्या घालणारा आन जुंग-गुन १९०९ च्या ऑक्टोबरात निघाला होता तो व्लादिवोस्तोकहूनच. क्रांतीनंतर सोव्हिएत राजवटीत इथं कोरियन शाळा, कोरियन अध्यापक महाविद्यालय, १९२३ पासून ‘सोनबोंग’ हे वर्तमानपत्र आणि १९३२ मध्ये कोरियन रंगभूमी असं सगळं उभं राहिलं. तुमेनच्या अलीकडे जपानी सरकार कोरियन भाषेचा गळा आवळत असताना पलीकडे तीच भाषा छापली जात होती, शिकवली जात होती आणि रंगमंचावर बोलली जात होती.

हे सगळं काही महिन्यांत उखडलं गेलं. २१ ऑगस्ट १९३७ रोजी मोलोतोव आणि स्तालिन यांच्या सहीचा एक गुप्त ठराव निघाला. जपानी हेरगिरीला आळा घालण्यासाठी सुदूर पूर्वेच्या सीमाभागातून सगळ्या कोरियनांना हलवायचं, असा त्याचा आशय. ज्यांनी जपानपायी देश सोडला, जपानी सैन्याशी झुंज घेतली, त्यांच्यावरच जपानचे हेर असल्याचा संशय घेतला गेला. त्या शतकात एका समूहावर झालेल्या अन्यायांमध्ये इतका उफराटा आरोप क्वचितच सापडेल. माणसं हलवण्याच्या सुमारास बोलणारी, लिहिणारी मंडळी उचलली गेली. पक्षकार्यकर्ते, लष्करी अधिकारी, शिक्षक, लेखक. कवी आणि कथाकार जो म्यॉंग-हुई यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे गाड्या सुटल्या तेव्हा या समाजापाशी त्याचे पुढारी उरलेच नव्हते.

ऑक्टोबरअखेरीपर्यंत १२४ आगगाड्यांमधून सुमारे १,७२,००० माणसं हलवण्यात आली. त्यातली ९५,००० च्या आसपास कझाकस्तानात, ७६,००० हून जास्त उझबेकिस्तानात. गुरांचे आणि मालाचे डबे, आत फळ्यांचे माळे, मधोमध एक शेगडी. प्रवास महिनाभराचा. काहींचा त्याहूनही लांबला. वाटेत म्हातारी माणसं आणि लहान मुलं दगावली. त्यांना पुरायलाही कुठल्यातरी अनोळखी स्थानकापाशी मिळेल तेवढाच वेळ मिळे. शेतात पीक उभं होतं, ते तसंच सोडून यावं लागलं. पण कितीतरी घरांनी पुढच्या हंगामाचं बियाणं मात्र सोबत घेतलं होतं.

कझाकस्तानातलं उश्तोबे हे उतरण्याच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. तिथं जवळच बास्तोबे नावाची बुटकी टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी लोकांनी जमिनीत खड्डे खणले, वर बोरू आणि माती टाकली आणि त्यात पहिला हिवाळा काढला. तिथल्या स्मारकशिळेवर या भुयारी वस्तीच्या तारखाही कोरल्या आहेत: ९ ऑक्टोबर १९३७ ते १० एप्रिल १९३८. शेजारी कोरियन दफनभूमी आहे.

ज्या माळावर त्यांना आणून टाकलं, तो माळ इतका मोकळा का होता, हेही इथं सांगायला हवं. १९३० ते १९३३ या काळात सक्तीच्या सामूहिकीकरणानं कझाकांची गुरं गेली, भटकं जीवन मोडलं आणि दुष्काळात सुमारे पंधरा लाख माणसं मेली. त्यांतले बहुसंख्य कझाक होते. कोरियन आले ते त्यानंतर जेमतेम चार वर्षांनी. तरीही त्याच कझाकांनी या नवख्या, भाषा न येणाऱ्या लोकांना भाकरी दिली, आपल्या घरात निवारा दिला. कोर्यो सारमांच्या घरोघरच्या आठवणींत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते, आणि बास्तोबेला कझाकांचे आभार मानणारं स्मारकही त्यांनी उभारलं आहे. एकाच राजवटीनं उद्ध्वस्त केलेले दोन समाज एकमेकांच्या आधारानं तगले. या इतिहासात माझं मन सर्वांत जास्त जर कुठं अडकत असेल, तर इथं.

वसंत आला आणि ते शेतीला लागले. सिरदर्या नदीकाठी किझिलओर्दाच्या परिसरात त्यांनी भातशेतीचा पट्टा वाढवला. तिथं किम मान साम हे कोरियन भातशेतकरी आणि इब्राय झाखायेव हे कझाक भातशेतकरी, दोघांचीही नावं विक्रमी पिकासाठी सोव्हिएत देशभर गाजली. ताश्कंदजवळ बोरूची दलदल उपसून त्यांनी जमीन तयार केली. तिथल्या ‘ध्रुवतारा’ या सामूहिक शेतीचे अध्यक्ष किम पेन ह्वा १९४० पासून पुढं तीन दशकांहून जास्त काळ त्या पदावर होते. ‘समाजवादी श्रमवीर’ हा देशातला मोठा किताब त्यांना दोनदा मिळाला. भात, कापूस आणि अंबाडी ही इथली पिकं. आपण जिची पालेभाजी खातो तीच अंबाडी तिथं पोत्यांच्या धाग्यासाठी हेक्टरच्या हेक्टर लावली जाई. किताब मिळत होते, वर्तमानपत्रांत फोटो छापून येत होते, आणि त्याच वेळी या माणसांना मध्य आशिया सोडून जायची मुभा नव्हती. महायुद्धात कोरियन तरुणांना बहुतांशी आघाडीवर घेतलं नाही, ‘श्रमसेने’त नेऊन खाणींत आणि कारखान्यांत राबवलं. येण्याजाण्याचं बंधन सैल झालं ते १९५३ मध्ये स्तालिनच्या मृत्यूनंतरच.

बंधन सुटल्याबरोबर या समाजानं एक विलक्षण आर्थिक रीत घडवली. तिला ते ‘कोबोंजी’ म्हणत. दहा-वीस कुटुंबांची एक टोळी जमे, तिचा एक म्होरक्या असे. तो युक्रेनमधल्या, व्होल्गाकाठच्या किंवा कॉकेशसच्या एखाद्या सामूहिक शेतीच्या अध्यक्षाशी बोलणी करी: इतकी जमीन एका हंगामासाठी द्या, ठरलेलं पीक तुम्हाला देऊ, वरचं आमचं. मग मार्चच्या सुमारास सगळे निघत, शेताकडेला झोपड्या बांधत, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत आणि शरद ऋतूत कांदा किंवा कलिंगडं विकून घरी परतत. सोव्हिएत कायद्याच्या चौकटीत हे नीट बसत नव्हतं, पण अध्यक्षाचा कोटा पुरा होई, म्हणून डोळेझाक केली जाई. पावसानं दगा दिला तर वर्षभराची मेहनत आणि घातलेले पैसेही बुडत. पिकलं तर मुलांच्या शिक्षणाची सोय होई. सोव्हिएत संघातल्या उच्चशिक्षित समाजांमध्ये कोरियनांचं नाव वर येत गेलं, त्यामागं कांद्याच्या वाफ्यांत वाकून काढलेले हे हंगाम आहेत. खेरसोन आणि मिकोलायिव भागात कोरियन वस्ती रुजली तीही बरीचशी याच वाटेनं.

या काळात भाषेचं फार नुकसान झालं. १९३८ मध्ये कोरियन शाळा रशियन माध्यमाच्या केल्या गेल्या, व्लादिवोस्तोकहून किझिलओर्दाला आणलेलं अध्यापक महाविद्यालयही रशियन झालं. घरात ‘कोर्यो मार’ राहिली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या हामग्यॉंगची बोली. ती आज सोलमधल्या माणसाला पटकन कळत नाही. भाषेच्या अभ्यासकांना मात्र ती खजिन्यासारखी वाटते, कारण कोरियन भाषेची कितीतरी जुनी रूपं तिनं सांभाळली. पण ती लिहिली जात नसे. वर्तमानपत्रात छापली जाई ती साहित्यिक कोरियन. ‘सोनबोंग’ गेलं, त्याच्या जागी मे १९३८ पासून किझिलओर्दाहून ‘लेनिन किची’ निघू लागलं. पुढं ते अल्माटीला गेलं आणि १९९१ मध्ये ‘कोर्यो इल्बो’ झालं. ते आजही कोरियन आणि रशियन अशा दोन भाषांत निघतं, आणि त्याच्या वाचकांपैकी बहुतेकांना त्यातली रशियन पानंच वाचता येतात.

रंगभूमीचा प्रवास तर या समाजाच्या प्रवासाची नेमकी प्रत आहे. व्लादिवोस्तोकची मंडळी किझिलओर्दाला आली, १९४२ मध्ये उश्तोबेला गेली, १९५९ मध्ये परतली आणि १९६८ मध्ये अल्माटीत स्थिरावली. छुनह्यांगची लोककथा असो की नवं सोव्हिएत नाटक, ही मंडळी सामूहिक शेतीवरच्या कोरियन गावांतून फिरून प्रयोग करत. आज अल्माटीत सरकारी कोरियन नाट्यगृह आहे. नट कोरियन संवाद बोलतात, आणि प्रेक्षक कानाला लावलेल्या यंत्रातून रशियन भाषांतर ऐकतात.

याच नाट्यगृहाशी कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातलं एक मोठं नाव जोडलेलं आहे. होंग बोम-दो हा मूळचा शिकारी. १९२० च्या जूनमध्ये मंचुरियातल्या बोंगोदोंग इथं त्याच्या गनिमांनी जपानी फौजेला हरवलं. कोरियन शाळांतली मुलं ही लढाई इतिहासाच्या पुस्तकात वाचतात. पुढं तो रशियात आला, १९३७ मध्ये बाकीच्यांसारखाच गाडीत चढवला गेला, आणि म्हातारपणी किझिलओर्दाच्या कोरियन नाट्यगृहात पहारेकरी म्हणून राहिला. नाटककार थे जांग-छुन यांनी त्याच्यावरच नाटक लिहिलं आणि १९४२ मध्ये, तो हयात असतानाच, ते रंगमंचावर आलं. १९४३ मध्ये तो वारला. त्याचे अवशेष ऑगस्ट २०२१ मध्ये विमानानं दक्षिण कोरियात आणले गेले आणि देजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत सन्मानानं पुरले गेले. दोनच वर्षांनी दक्षिण कोरियाच्या लष्करी अकादमीनं आपल्या आवारातला त्याचा पुतळा हलवण्याचं जाहीर केलं. तो सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता, हे कारण. त्यावरून देशभर वाद पेटला. जपानशी लढणाऱ्या, रशियन भूमीवरून हाकलल्या गेलेल्या माणसाला शीतयुद्धाच्या मापानं मोजणं हा मला उघड अन्याय वाटतो.

ताटात काय राहिलं, हे पाहिलं की या समाजाची घडण अधिक कळते. किमचीला लागणारी लांबट चिनी कोबी मध्य आशियात मिळत नव्हती. गाजरं हवी तेवढी होती. मग गाजराचे लांब बारीक काप करून त्यात व्हिनेगर, लसूण, लाल तिखट आणि धणे घालायचे आणि वरून कडकडीत तेल ओतायचं, आपण कोशिंबिरीवर फोडणी ओततो तसं. याचं नाव ‘मोरकोवचा’: गाजराचा रशियन शब्द आणि त्याला कोरियन शेपूट. धणे मध्य आशियाच्या बाजारातले, पद्धत कोरियन. आज ताश्कंदच्या चोरसू बाजारात कोरियन बायका अशा खाद्यपदार्थांचे ढीग लावून बसतात, आणि रशियापासून युक्रेनपर्यंत सणासुदीच्या जेवणात हे ‘कोरियन गाजर’ असतंच. कोरियात मात्र अगदी अलीकडेपर्यंत ते कुणाला ठाऊक नव्हतं. थंड रश्श्यातल्या शेवयांची ‘कुक्सी’ आणि वाफवलेले ‘बेगोद्या’ हेही तिथल्या घराघरांतले पदार्थ.

सणांमध्ये ५ एप्रिलचा ‘हान्सिक’ सगळ्यांत मोठा. त्या दिवशी सारं कुटुंब पूर्वजांच्या थडग्यांवर जातं, गवत काढतं, दगड पुसतं, अन्न मांडतं आणि साष्टांगासारखं वाकून नमस्कार करतं. सोव्हिएत राजवटीनं बाकी किती गोष्टी पुसल्या, पण हा दिवस टिकला. आयुष्याची तीन ‘मेजं’, म्हणजे मेजवानीचे प्रसंग, हीही टिकली: पहिला वाढदिवस, लग्न आणि साठी. पहिल्या वाढदिवशी बाळापुढं पुस्तक, दोरा, कात्री, तांदळाचे पदार्थ ठेवतात आणि ते काय उचलतं यावरून त्याचं पुढं काय होईल ते सांगतात. आधीचं मेज ज्याला मिळालं नाही त्याला पुढचं मांडता येत नाही, अशी समजूत आहे. त्यामुळं शहरातली, रशियनखेरीज काही न येणारी कुटुंबंही बाळाचा पहिला वाढदिवस चुकवत नाहीत.

एकाच कोरियन स्थलांतराच्या कितीतरी वाटा आहेत. १९०३ मध्ये उसाच्या मळ्यांसाठी हवाईला गेलेले, चीनच्या यानब्यानमधले, जपानमधले. पुण्याजवळ रांजणगावच्या कोरियन कारखान्यामुळं आलेली कोरियन कुटुंबं कामाचा करार संपला की मायदेशी जाऊ शकतात. साखालिन बेटावरच्या कोरियनांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना जपाननं खाणकामाला नेलं होतं. १९४५ नंतर जपानी परत गेले आणि हे चाळीसएक हजार लोक मागंच राहिले. ते बहुतांशी दक्षिणेतले असल्यानं २००० च्या सुमारास त्यांच्या पहिल्या पिढीतल्या वृद्धांना आन्सानमध्ये घरं मिळाली, तेव्हा ते खरोखरच आपल्या भागात परतत होते.

कोर्यो सारमांना तसं परतणं शक्यच नव्हतं. सोव्हिएत संघ कोसळला, सामूहिक शेत्या मोडल्या, उझबेकिस्तानात उझबेक ही राजभाषा झाली आणि रशियन बोलणाऱ्या कोरियनांच्या नोकऱ्यांवर गदा आली. १९८९ च्या जनगणनेत सोव्हिएत संघात ४,३९,००० कोरियन होते. त्यांपैकी बरेच रशियाकडे सरकले, आणि पुढं दक्षिण कोरियाकडे. पण दक्षिण कोरियानं १९९९ मध्ये परदेशस्थ कोरियनांसाठी जो कायदा केला, त्यात १९४८ पूर्वी देश सोडलेल्यांना वगळलं. अमेरिकेतल्या कोरियनांना सवलती, आणि चीनमधल्या व रशियातल्या कोरियनांना नाही, असा त्याचा अर्थ झाला. घटना न्यायालयानं २००१ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला, २००४ मध्ये कायदा सुधारला गेला. तरीही हक्क तिसऱ्या पिढीपर्यंतच होता. चौथ्या पिढीच्या मुलांना वयात आल्यावर आईबापांचा देश परका ठरे. ती मर्यादा २०१९ मध्ये उठली.

या समाजानं जगाला दिलेली माणसंही पाहावीत. लेनिनग्राडचा गायक व्हिक्टर त्सोय, ज्याची गाणी सोव्हिएत तरुण पिढीनं आपली मानली. कझाकस्तानात वाढलेली नेली किम, जिनं १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये पैकीच्या पैकी १० गुण मिळवले. आणि फिगर स्केटर देनिस तेन, कोरियन स्वातंत्र्यसैनिक मिन गुंग-हो यांचा वंशज. त्यानं २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये कझाकस्तानसाठी कांस्यपदक जिंकलं आणि पुढच्याच वर्षी सोलमध्ये फोर काँटिनेंट्स स्पर्धा जिंकली. २०१८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अल्माटीत चोरांच्या हल्ल्यात तो गेला.

दक्षिण कोरियात आलेले कोर्यो सारम आज लाखाच्या घरात आहेत. ते कारखान्यांत, बांधकामांवर, शेतांवर काम करतात. ताश्कंदमध्ये अभियंता किंवा शिक्षक असलेला माणूस इथं सुट्या भागांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, कारण त्याची पदवी आणि त्याची रशियन दोन्ही इथं चालत नाहीत. मुलांची अडचण अधिक मोठी आहे. शाळेत शिकवलेलं कळत नाही आणि घरी शिकवणारं कुणी नाही. ग्वांगजूच्या वस्तीत याच लोकांनी स्थानिकांच्या मदतीनं भाषेचे वर्ग, बालवाडी आणि दवाखाना सुरू केला.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. कोबोंजीच्या कांद्यांनी ज्या मिकोलायिव भागात कोरियन वस्ती रुजवली, तिथला प्रांतप्रमुख त्या वेळी विताली किम हा कोरियन वंशाचा माणूस होता, आणि त्याच्या रोजच्या संदेशांनी तो युक्रेनभर माहीत झाला. तिथून आणि आसपासहून पळालेल्या कोर्यो सारम कुटुंबांसाठी ग्वांगजूच्या वस्तीनं देणग्या गोळा केल्या आणि विमानाची तिकिटं काढून पाठवली. आलेल्यांमध्ये बायका, मुलं आणि आज्या जास्त होत्या. त्यांच्यासाठी खोल्या शोधणं, पहिल्या महिन्यांचं भाडं भरणं आणि मुलांना शाळेत घालणं ही कामं त्या वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या अंगावर घेतली.